शिलाईचा धंदा आणि कागदाची पत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव आताच झाला. वधूवर परिचयाचा कार्यक्रम व्हावयाचा आहे. या दोन आनंदाच्या प्रसंगांमध्ये ‘लहान धंदेवाईकांस उपयुक्त माहिती’ हा रूक्ष विषय माझ्या वाट्यास आला आहे. तथापि या सभागृहातील निम्म्याहून अधिक कुटुंबांची चूल ज्या धंद्यावर पेटते, त्याविषयी वर्षातून एकदा तरी मोकळेपणाने बोलणे अवश्य आहे, असे मला वाटते.

संत नामदेवमहाराज ज्या कुळात जन्मले, त्या सुई-दोऱ्याच्या व्यवसायाची आपण माणसे. आपल्या हातात कसब आहे, याविषयी कोणी शंका घेणार नाही. आज आपल्यांपैकी कोणी शिलाईचे दुकान चालवितो, कोणी कापडाचे. कोणी सोलापुरासारख्या ठिकाणी शाळांचे गणवेश तयार करतो. अनेक भगिनी घरी बसून ब्लाउज आणि परकर शिवतात. तयार कपड्यांनी आपला धंदा बुडविला, अशी तक्रार नेहमी कानी येते. तीत तथ्य आहे. परंतु बारकाईने पाहिले तर दुकाने बंद पडण्याचे दुसरेही एक कारण दिसते. काम असते, गिऱ्हाईक असते, माल जातो. मात्र पैसा वेळेवर येत नाही, आणि मधल्या काळात दुकान तगविण्यास बँक उभी राहत नाही. बँक उभी राहत नाही, कारण आपला व्यवहार तिला दिसत नाही. तो आपल्या डोक्यात असतो, कागदावर नसतो. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच, की कारागिराचे कसब त्याच्या हातात असते, पण त्याची पत त्याच्या कागदात असते.

उधारीचे गणित

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, आपल्यांपैकी एकाने एका शाळेचे ३ लाख रुपयांचे गणवेश शिवून दिले. कापडास १ लाख ८० हजार रुपये लागले, कारागिरांच्या मजुरीस ६० हजार, आणि दोरा, बटणे, काजे, इस्त्री व वाहतूक यांस २४ हजार. एकूण खर्च २ लाख ६४ हजार. नफा ३६ हजार. म्हणजे शेकडा १२. नफा वाईट नाही.

आता हे २ लाख ६४ हजार रुपये त्याने दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने उभे केले आहेत असे धरा. महिन्याचे व्याज ५,२८० रुपये होते. शाळेने दोन महिन्यांत पैसे दिले तर साडेदहा हजार व्याजात जातात आणि पंचवीस हजार हाती राहतात. परंतु शाळेने ‘पुढच्या महिन्यात या’ असे म्हणत सात महिने लावले, तर व्याजच ३६,९६० रुपये झाले. नफा संपून खिशातले नऊशे साठ रुपये वर गेले. एकही कपडा परत आला नाही, एकही टाका उसवला नाही, आणि तरीही तोटा झाला. आपल्या मुलांना हा धंदा नकोसा होतो तो कष्टांना भिऊन नव्हे. बापाने वर्षभर मान मोडून काम केले आणि वर्षाअखेर हाती काही उरले नाही, हे त्यांनी पाहिलेले असते.

पैसे वेळेवर मिळण्याचा कायदा

या रोगावर कायद्याने एक औषध दिले आहे. ते आपल्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक आहे. केंद्र शासनाच्या २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यान्वये, नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने कराराने ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत, आणि ती मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. करारात ९० दिवस लिहिले असले तरी कायदा ४५ च मानतो. लेखी करार नसेल, तर मुदत १५ दिवसांची. मुदत टळल्यास खरेदीदाराने रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावयाचे असते. बँकदर शेकडा साडेपाच असेल तर हे व्याज साडेसोळा होते. यावरून कायद्याची धार लक्षात येईल.

दिवस मोजावयाचे कोठून? माल पोचल्यापासून. मालात खोट आहे असे खरेदीदाराचे म्हणणे असेल, तर त्याने ते पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळविले पाहिजे. तसे न कळविल्यास त्याने माल स्वीकारला असे धरले जाते. म्हणजे सहा महिन्यांनी पैसे मागावयास गेल्यावर ‘तुमच्या शर्टांच्या बाह्या आखूड होत्या’ असे म्हणण्याचा मार्ग त्याला राहत नाही. परंतु बंधूंनो, माल कोणत्या दिवशी पोचला हे आपण कशाने सिद्ध करणार? माल पोचविताना चलनावर तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतली असेल, तरच. एका सहीचा आळस केल्याने सबंध कायदा निरुपयोगी होतो. शाळेच्या शिपायाजवळ गठ्ठे ठेवून आपण निघून येतो. ती सवय आजपासून सोडली पाहिजे.

पैसे न मिळाल्यास राज्यातील सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. अर्ज शासनाच्या संकेतस्थळावरून करता येतो. परिषद प्रथम समेट घडवून आणण्याचा प्रयत्न करते आणि तो न साधल्यास लवादाने निर्णय होतो. कायद्यात ९० दिवसांत निर्णय व्हावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ जातो, हेही सांगितले पाहिजे. परंतु निकालाविरुद्ध न्यायालयात जावयाचे असेल तर खरेदीदारास निकालातील रकमेचा शेकडा ७५ भाग आधी भरावा लागतो. त्यामुळे केवळ वेळ काढण्यासाठी न्यायालयात जाणे त्याला परवडत नाही.

याच्या जोडीस आणखी एक तरतूद आली आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने असे ठरविले, की सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे वरील मुदतीत न दिल्यास, ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदारास तो खर्च आपल्या आयकराच्या हिशेबात वजा दाखविता येत नाही. म्हणून मोठा व्यापारी मार्च महिना जवळ आला की स्वतः होऊन देणी चुकती करू लागतो. अर्थात आपण सूक्ष्म अथवा लघु आहोत, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. यास्तव आपल्या प्रत्येक बिलावर नोंदणी क्रमांक छापावा.

नोंदणी कोणती व कशी

ही नोंदणी म्हणजे ‘उद्यम’ नोंदणी. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली. आधार क्रमांक आणि पॅन क्रमांक यांच्या साहाय्याने ती शासनाच्या संकेतस्थळावर स्वतःच करावयाची असते. तिला एक पैसाही शुल्क नाही, आणि ती वर्षावर्षाला नवी करावी लागत नाही. शासकीय संकेतस्थळासारखी दिसणारी संकेतस्थळे उघडून हजार-दोन हजार रुपये उकळणारे मध्यस्थ पुष्कळ आहेत. त्यांच्यापासून सावध राहावे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटींपर्यंत असणारा उपक्रम ‘सूक्ष्म’ ठरतो. म्हणजे या सभागृहातील बहुतेक सर्व जण सूक्ष्मच आहेत.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. जो कपडा शिवतो तो उत्पादक. जो तयार कापड किंवा कपडे आणून विकतो तो व्यापारी. २ जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते. तथापि त्यांना तिचा लाभ बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरताच मिळतो. ४५ दिवसांच्या संरक्षणाचा लाभ मिळत नाही. ज्यांच्या एकाच दुकानात शिलाईही आहे आणि कापडविक्रीही आहे, त्यांनी दोन्ही कामांची बिले वेगळी करावीत. तसेच ही नोंदणी भांडण उपस्थित झाल्यावर करावयाची नसते. ऑर्डर घेण्यापूर्वीच ती हाती असावी. नोंदणीपूर्वीच्या व्यवहारांस हे संरक्षण मिळते की नाही यावर न्यायालयांत पुष्कळ वाद झाले आहेत. त्या वादात आपण का पडावे?

दुसरी नोंदणी वस्तू व सेवा कराची. हा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. राज्यातल्या राज्यात केवळ माल विकणाऱ्यास वर्षाच्या ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्यास २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्या उत्पादकास व दुकानदारास आपसमेळ योजनेत उलाढालीच्या शेकडा १ रुपया भरून मोकळे होता येते. मात्र त्याने गिऱ्हाइकाकडून कर वेगळा वसूल करावयाचा नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर शेकडा ५ आणि त्यावरील किमतीच्या कपड्यावर शेकडा १८ असा दर झाला आहे. लग्नसराईचे भारी कपडे करणाऱ्यांनी भाव सांगताना याचा विचार अवश्य करावा.

कर्ज कोठे मिळेल

आता भांडवलाविषयी. शिवणयंत्र घरोघरी कसे पोचले हे आपणांस माहीत आहे काय? गेल्या शतकाच्याही आधी, १८५० नंतरच्या दशकात, अमेरिकेत सिंगर कंपनीने आपली यंत्रे हप्त्याने देण्यास प्रारंभ केला. यंत्र महाग होते आणि शिंपी गरीब होता. यंत्राने मिळविलेल्या पैशांतूनच यंत्राची किंमत फिटावी, ही त्यातील युक्ती होती. कर्ज कसे असावे याचा हा उत्तम धडा आहे. जे कर्ज स्वतःचा हप्ता स्वतः कमावून देते, ते कर्ज तारते. यंत्रासाठी घेतलेला पैसा लग्नमांडवात गेला, तर तेच कर्ज घर बुडविते.

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत बिनतारणी कर्ज मिळते. ५० हजारांपर्यंतच्या कर्जास शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण अशी नावे आहेत. तरुण गटातील कर्ज ज्यांनी व्यवस्थित फेडले, त्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. याहून मोठे कर्ज हवे असून तारण नसेल, तर बँकेस सूक्ष्म व लघु उपक्रमांच्या पतहमी निधीची हमी मिळविता येते. हा निधी २००० साली स्थापन झाला. बँकेत गेल्यावर या हमीचे नाव घेऊन विचारणा करावी. न विचारणाऱ्यास कोणी आपण होऊन सांगत नाही.

आपल्या समाजास विशेष जवळची योजना म्हणजे १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा. तिच्यातील १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि शेकडा ५ व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. लाभ कुटुंबातील एकासच मिळतो. नवी नोंदणी चालू आहे किंवा नाही हे गावच्या सेवा केंद्रात प्रथम विचारावे. ज्यांची नोंदणी पूर्वीच झाली आहे, त्यांनी पहिल्या कर्जाचे हप्ते नियमाने भरावेत. कारण दुसऱ्या कर्जाचे दार त्यावरच उघडते. नवा कारखाना काढू इच्छिणाऱ्या तरुणांनी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन राज्य शासनाच्या, २०१९ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करावी. त्यात प्रकल्पखर्चाच्या शेकडा १५ ते ३५ अनुदान आहे. मात्र अनुदान रोख हाती पडत नाही. ते बँकेत ठेव म्हणून राहते आणि तीन वर्षे उद्योग नीट चालल्यावर कर्जात वळते होते. अनुदानावर डोळा ठेवून धंदा काढणाऱ्याची म्हणूनच निराशा होते.

बँक अर्ज हाती घेताच अर्जदाराची पत-नोंद पाहते. ३०० ते ९०० या अंकांत ती मोजली जाते. ही नोंद प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळण्याचा आपणांस अधिकार आहे. अर्ज करण्याआधीच ती मागवावी. कोणा नातलगास जामीन राहिलो असू आणि त्याने हप्ते थकविले असतील, तर त्याचा डाग आपल्या नोंदीवरही पडतो, हे पुष्कळांस बँकेने नकार दिल्यावरच कळते.

रोजचे लिहिणे

या सर्व योजनांचे मूळ एकच आहे: लिहिणे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, तिला फुले वाहतो, आणि पुढे वर्षभर तिची पाने कोरी ठेवतो! ही पूजा देवीस कशी पावावी?

तीन वह्या पुरे आहेत. पहिली रोजमेळाची: आज काय आले, काय गेले. दुसरी उधारीची: कोणाकडे किती, कोणत्या तारखेपासून. तिसरी मालाची: तागे किती आले, किती कापले, किती उरले. भ्रमणध्वनीवर लिहिले तरी चालेल, परंतु रोज लिहावे. गल्ला आणि घरखर्च वेगळे ठेवावेत. मालकाने स्वतःस दरमहा ठराविक पगार लावून घ्यावा आणि घर त्यातच चालवावे. धंद्याचे बँकखाते निराळे असावे व येणारा पैसा शक्यतो त्यातूनच यावा. बँकेपुढे असे सहा महिन्यांचे खाते ठेवले, की ते दहा जामिनांपेक्षा अधिक बोलते.

उधारीच्या वहीचा आणखी एक उपयोग आहे. येणे वसूल करण्यासाठी दिवाणी दावा करावयाची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याकडून ‘इतके देणे बाकी आहे’ अशी सहीनिशी लेखी कबुली घेतली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. ओळखीच्या माणसाकडे सही मागण्याचा आपल्याला संकोच वाटतो. परंतु सही मागण्याने मैत्री तुटत नाही. पैसे बुडाल्यावर मात्र ती राहत नाही.

घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनींना मी विशेषेकरून सांगेन, की आपण करता तो ‘हातखर्चापुरता उद्योग’ नव्हे, धंदाच आहे. आपल्या नावे उद्यम नोंदणी करावी, आपल्याच नावे खाते उघडावे आणि मापाच्या वहीशेजारी हिशेबाचीही वही ठेवावी. २०२४-२५ या वर्षी राज्य शासनाने सरकारी शाळांच्या मोफत गणवेशांचे कापड एकत्रित घेऊन त्यांची शिलाई महिला बचत गटांकडे सोपविली होती. २०२५-२६ पासून ते अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. शासनाचा निर्णय असा फिरतो, आणि काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ज्याचे दरपत्रक, नोंदणी आणि बिलबुक तयार असते, त्यालाच फिरलेले काम आपल्याकडे वळविता येते.

मंडळाने काय करावे

शेवटी मंडळाविषयी थोडेसे. ज्ञातिसंस्थांनी धंद्यास काय साहाय्य करावे, याची उदाहरणे मुंबईतच आहेत. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०६ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी आपल्या सारस्वत ज्ञातीसाठी शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. १९१८ साली सारस्वत सहकारी संस्थेचा आरंभ झाला. दोन्ही संस्था ज्ञातीच्या आधाराने जन्मल्या, आणि पुढे ज्ञातीबाहेरील हजारो कुटुंबांच्या कामी येणाऱ्या मोठ्या बँका झाल्या. एकमेकांचा विश्वास त्यांच्या मुळाशी होता. पण तो विश्वास त्यांनी वहीत लिहून ठेवला, म्हणून टिकला.

आपण एकदम बँक काढावी असे मी म्हणत नाही. तीन लहान गोष्टी सुचवितो. पहिली, महिन्यातून एका रविवारी या सभागृहात नोंदणी व अर्ज भरून देण्याची विनामूल्य सोय व्हावी. आताच ज्यांचा गौरव झाला त्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडे हे काम द्यावे. त्यांनाही धंद्याची ओळख होईल. दुसरी, जून महिन्यापूर्वी गणवेशाचे कापड आपल्यांपैकी दहा-वीस जणांनी एकत्र खरेदी करावे. एकट्याने चार तागे घेण्यापेक्षा सर्वांनी मिळून शंभर तागे घेतले तर भाव आपोआप उतरतो. तिसरी, पैसे थकविणाऱ्या खरेदीदाराविरुद्ध परिषदेकडे अर्ज करणाऱ्या बांधवास मंडळाने एक जाणकार माणूस सोबत द्यावा. एकटा शिंपी मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध उभा राहण्यास कचरतो, कारण पुढचे काम जाण्याची त्याला भीती असते. त्याच्या पाठीशी मंडळ आहे असे दिसले, तर ती भीती निम्मी होईल.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपण कापड बेतण्यापूर्वी माप घेतो, आणि ते माप वहीत लिहितो. ‘लक्षात राहील’ असे म्हणून कोणताही जाणता कारागीर महागाच्या कापडास कात्री लावीत नाही. जी शिस्त आपण दुसऱ्याच्या अंगरख्यासाठी पाळतो, तीच स्वतःच्या संसारासाठी पाळावी, एवढीच माझी विनंती आहे.